पीतज्वराच्या विषाणूचा वंशवृक्ष: मॉलिक्युलर क्लॉक बसत नाही, आणि एडिसच्या सीओआयमध्ये दुहेरी पीक

मृण्मयी_जैव

एमएस्सीच्या प्रकल्पाचे दोन भाग आहेत. पहिला पीतज्वराच्या (यलो फीव्हर) विषाणूचा ट्री, म्हणजे वंशवृक्ष. त्यासाठी फक्त सार्वजनिक डेटाबेसमधले सिक्वेन्स वापरायचे आहेत, विषाणूला हात लावायचा नाही. दुसरा एडिस इजिप्ती या पीतज्वर पसरवणाऱ्या डासाचा. पुणे आणि मुंबईतून गोळा केलेल्या डासांची आफ्रिकेतल्या नोंदींशी तुलना करायची आहे. अडलंय ते असं:

१. एनसीबीआय व्हायरसवरून (टॅक्सॉन क्रमांक ११०८९) १०,००० न्यूक्लिओटाइडांपेक्षा मोठे सगळे सिक्वेन्स उतरवले, माफ्टने अलाइन केले आणि आयक्यू-ट्रीने ट्री काढला. पश्चिम आफ्रिकेच्या फांदीत एक गठ्ठा येतो. त्यातले देश कुठले कुठले, तारखा कित्येक दशकं पसरलेल्या, आणि फांद्यांची लांबी मात्र जवळपास शून्य.

२. टेम्पएस्टमध्ये रूट-टू-टिप रेषा (नमुन्याची तारीख विरुद्ध मुळापासूनचं जनुकीय अंतर) आडवीच पडते. अशा डेटावर बीस्ट (तारखांवरून फांद्यांचं वय काढणारा प्रोग्राम) चालवण्यात काही अर्थ आहे का?

३. ३' यूटीआरमध्ये (जीनोमच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात) गॅपच गॅप. अलाइनमेंटची सेटिंग्ज बदलूनही फरक पडत नाही.

४. डासांच्या सीओआयचं (तुलनेसाठी वापरलं जाणारं मायटोकाँड्रियातलं जनुक) सँगर सिक्वेन्सिंग केलं. पीसीआरचा बँड एकच आणि स्वच्छ, पण क्रोमॅटोग्रामवर काही ठरावीक जागी दोन-दोन पीक दिसतात. वेगवेगळ्या डासांत बहुतेक त्याच जागी.

५. भारतात एडिस इजिप्ती भरपूर, तरी पीतज्वर नाही. याचं उत्तर डासाच्या जनुकांत आहे असं सीओआयवरून दाखवता येईल का?

सह्यरेणू

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. तो गठ्ठा म्हणजे पीतज्वराची लस, १७डी.

१९२७ साली आजच्या घानामध्ये असिबी हा स्ट्रेन वेगळा केला गेला. मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत आधी उंदराच्या भ्रूणाच्या ऊतींवर, मग कोंबडीच्या भ्रूणावर आणि शेवटी मज्जाऊती काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणावर वाढवत नेला. ८९व्या ते ११४व्या पॅसेजच्या (वाढवून पुढे नेण्याच्या फेरीच्या) दरम्यान कुठेतरी त्याची माकडांसाठीची मारकता गेली. १९३७ साली लस जाहीर झाली आणि १९५१ साली थायलर यांना नोबेल मिळालं. ब्राझीलची १७डीडी ही शाखा १९५व्या पॅसेजपासून फुटते, तर १७डी-२०४ ही २०४व्यापासून. दोन्ही असिबीच्या पोटातल्या, म्हणून ट्रीमध्ये पश्चिम आफ्रिकेतच बसणार. नोंदीत देश ब्राझील असो की फ्रान्स, त्याने काही बदलत नाही.

आता क्लॉकचं, म्हणजे बदल ठरावीक वेगाने साठतात या हिशोबाचं. पीतज्वराच्या विषाणूचा उत्क्रांतीचा वेग दर जागेला वर्षाकाठी साधारण ४.२ × १०⁻⁴ बदल इतका काढलेला आहे. कोडिंग भाग १०,२३३ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे वर्षाला जेमतेम चारेक बदल. निसर्गात फिरणाऱ्या विषाणूत ८० वर्षांत असे सव्वातीनशे-साडेतीनशे बदल साठायला हवेत. पण १९४० च्या दशकापासून लस सीड-लॉट पद्धतीने बनते. मूळ साठा गोठवून ठेवलेला असतो आणि प्रत्येक नवा लॉट त्यापासून एक-दोन पॅसेजवरच तयार होतो. त्यामुळे अलीकडच्या कुपीतला १७डी आणि असिबी यांच्यातलं अंतर अजूनही सत्तरएक न्यूक्लिओटाइडांचंच आहे. १७डी-२०४ साठी हा आकडा ६८, आणि त्यातून ३२ अमिनो आम्लं बदलतात. तुमच्या फाइलमध्ये या नोंदींवर अलीकडची वर्षं आहेत, जनुकीय वय मात्र १९३० च्या दशकातलं. असे पंचवीस-तीस ठिपके उजवीकडे खाली बसले की रेषा आडवी होणारच.

काय काय काढायचं:

नावात १७डी, १७डीडी, १७डी-२०४ किंवा १७डी-२१३ असलेलं सगळं. फ्रेंच न्यूरोट्रॉपिक व्हॅक्सिनचे सिक्वेन्ससुद्धा. ती लस उंदराच्या मेंदूत वाढवलेली होती, तिचा १७डीशी संबंध नाही, पण क्लॉकसाठी तितकीच निरुपयोगी. इन्फेक्शस क्लोन (प्रयोगशाळेत डीएनएवरून बांधलेले विषाणू), पेटंटमधले सिक्वेन्स आणि पॅसेजची संख्या मोठी असलेले प्रयोगशाळेतले स्ट्रेन.

नावावरून न कळणारे जास्त त्रास देतात. लसीनंतर क्वचित होणाऱ्या व्हिसेरोट्रॉपिक (आतल्या अवयवांच्या) आजाराच्या रुग्णांतून मिळालेले सिक्वेन्स 'होस्ट: माणूस' आणि अलीकडची तारीख अशा नोंदीने पडलेले असतात. म्हणून प्रत्येक सिक्वेन्स १७डीशी ब्लास्ट करा. साम्य ९९.५ टक्क्यांच्या वर गेलं तर ती लसच समजा. असिबीचं स्वतःचं १७डीशी साम्य सुमारे ९९.४ टक्के आहे, त्यामुळे खरा रानटी सिक्वेन्स या चाळणीत अडकत नाही.

आणखी एक खोच म्हणजे एनसीबीआयचा रेफरन्स जीनोम, एनसी_००२०३१, हाच मुळी १७डी आहे. १९८५ साली पूर्ण वाचला गेलेला पहिला फ्लॅव्हिव्हायरस (पीतज्वर, डेंग्यू यांच्या कुळातला) जीनोम तोच, म्हणून तो रेफरन्स झाला. अलाइनमेंटला आधार म्हणून खुशाल वापरा, पण ट्री काढताना ती ओळ काढून टाकायला विसरू नका.

जाता जाता: डेंग्यूची डेंगव्हॅक्सिया आणि जपानी मेंदूज्वराची इमोजेव्ह या लसींचा सांगाडाही १७डीचाच आहे, फक्त पीआरएम आणि ई ही बाहेरच्या आवरणाची जनुकं पाहुणी. पूर्ण जीनोमच्या ट्रीमध्ये असा कायमेरा (दोन विषाणूंचं मिश्रण) घुसला तर भलतीच लांब फांदी दिसते.

ट्री_बांधणारा

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. ९९.५ टक्क्यांच्या चाळणीवर मात्र एकट्या विसंबू नका.

कारण हे की नॅनोपोअर किंवा इल्युमिना यंत्रांचे रीड्स (वाचलेले तुकडे) रेफरन्सवर मॅप करून कन्सेन्सस काढताना जिथे रीड्स पोचले नाहीत तिथे काही पाइपलाइन गुपचूप रेफरन्सचीच अक्षरं भरतात. मग दक्षिण अमेरिकेतला खरा रानटी सिक्वेन्स मधल्या दोन-तीन तुकड्यांत हुबेहूब १७डी होतो. एकूण साम्याचा टक्का यावर काहीच बोलत नाही. त्यासाठी सरकत्या खिडकीने, समजा ५०० न्यूक्लिओटाइडांची खिडकी आणि १०० ची पायरी घेऊन, १७डीशी साम्य काढा. विषाणूचे जीनोटाइप (मोठे वंशगट) एकमेकांपासून ९ टक्क्यांहून जास्त वेगळे असतात. त्यामुळे एखाद्या ब्राझीलच्या सिक्वेन्समध्ये अचानक १०० टक्के साम्याचा पट्टा आला तर तो भरलेला आहे. तो पट्टा एन (अज्ञात अक्षर) करून टाका. तुमचे स्वतःचे रीड्स असते तर २० पेक्षा कमी डेप्थच्या (कमी वेळा वाचलेल्या) जागा आधीच एन करा असं सांगितलं असतं.

लस ओळखायला एक झटपट खूण: ई प्रथिनाच्या ३८० क्रमांकाला असिबीत थ्रिओनिन असतं आणि १७डीत आर्जिनिन. त्यामुळे ३८० ते ३८२ इथे आर-जी-डी अशी तिकडी तयार होते. अनुवादित अलाइनमेंटमध्ये ती डोळ्यांना लगेच दिसते.

यूटीआरबद्दल. सेटिंग्ज बदलून ते सुधारणार नाही, कारण गॅप खरे आहेत. ३' यूटीआरच्या सुरुवातीला काही क्रम पुनरावृत्त होतात. पश्चिम आफ्रिकेच्या स्ट्रेनमध्ये त्यांच्या तीन प्रती, पूर्व आणि मध्य आफ्रिकेत दोन, दक्षिण अमेरिकेत एकच. अलाइनमेंट प्रोग्राम कुठली प्रत कशासमोर ठेवणार? शिवाय टोकं बऱ्याच नोंदींत अपुरी असतात. ११८ न्यूक्लिओटाइडांचा ५' यूटीआर आणि पूर्ण ३' यूटीआर, दोन्ही कापा. उरलेल्या ओआरएफमध्ये (प्रथिन बनवणाऱ्या भागात) ३,४११ अमिनो आम्लांचं एकच सलग पॉलिप्रोटीन आहे. त्याचा अनुवाद करून अलाइन करा आणि मग परत न्यूक्लिओटाइडवर या. इथे मध्येच एक-दोन अक्षरांचा गॅप आला तर तो जवळपास नेहमी सिक्वेन्सिंगचा दोष असतो. नॅनोपोअरच्या नोंदींत सलग एकसारख्या अक्षरांच्या जागी विशेषतः.

तारखा आणि ठिकाणं हाताने तपासा. २०१६ मध्ये अंगोलाहून परतलेल्या कामगारांमुळे चीनमध्ये ११ रुग्ण सापडले. त्यांच्या सिक्वेन्सवर देश म्हणून चीन लिहिलेला असू शकतो. ते अंगोला जीनोटाइपमध्ये, १९७१ च्या अंगोलाच्या स्ट्रेनशेजारी बसतात, आणि तिथेच बसायला हवेत. फायलोजिऑग्राफी (ट्रीवरून विषाणूचा प्रवास काढणं) करताना ठिकाण 'लुआंडा' किंवा 'अंगोला' असं बदला, नाहीतर प्रोग्राम विषाणूला आशियात स्थायिक करून मोकळा होईल. नोंदीतली तारीख कधी कधी नमुना घेतल्याची नसून डेटाबेसमध्ये टाकल्याची असते, तेही पाहा. नुसतं वर्ष असेल तर बीस्टमध्ये त्या टोकाला पूर्ण वर्षभराची अनिश्चितता द्या. १ जानेवारी धरू नका.

ब्राझीलचा भरणा हा वेगळाच प्रश्न. २०१६ च्या अखेरीस मिनास जेराइसपासून सुरू झालेल्या साथीत मिनआयन या नॅनोपोअर यंत्रावर खूप जीनोम वाचले गेले. ते सगळे दक्षिण अमेरिका-१ मधल्या १ई या उपशाखेचे, आणि बहुतेक आग्नेय ब्राझीलमधले. आफ्रिकेच्या काही जीनोटाइपचे पूर्ण जीनोम मात्र बोटांवर मोजण्याइतके. आहे तसा डेटा घातला तर ठिकाणांचा अंदाज बांधणारं डिस्क्रीट ट्रेट मॉडेल सगळ्यांचं मूळ ब्राझीलला नेऊन ठेवू शकतं. एका नगरपालिकेतून एका महिन्याचे जास्तीत जास्त दोन सिक्वेन्स ठेवा, बाकीचे यादृच्छिक निवडीने गाळा. ही गाळणी दोन-तीनदा वेगवेगळी करून उत्तर टिकतं का ते पाहा.

मूळ कुठे धरायचं? सेपिक आणि वेसल्सब्रॉन हे विषाणू जवळचे नातेवाईक, पण इतके दूर की कोडॉनमधल्या तिसऱ्या जागा संपृक्त होतात (पुन्हा पुन्हा बदलून जुन्या खुणा पुसतात) आणि मूळ इकडेतिकडे उडतं. मी टेम्पएस्टचं बेस्ट-फिटिंग रूट आणि मिडपॉइंट दोन्ही काढून पूर्व आफ्रिका विरुद्ध पश्चिम आफ्रिका-दक्षिण अमेरिका ही फाळणी येते का ते बघेन. दक्षिण अमेरिकेची फांदी पश्चिम आफ्रिकेजवळून फुटलेली दिसली पाहिजे. गुलामांच्या व्यापारातल्या जहाजांबरोबर, सुमारे तीन-चारशे वर्षांपूर्वी विषाणू तिकडे गेला, याच्याशी ते जुळतं.

एवढं झाल्यावर टेम्पएस्ट पुन्हा लावा. एकत्रित ट्रीमध्ये चढ थोडा कमीच येईल, कारण वेगवेगळ्या फांद्यांचा वेग सारखा नाही. दक्षिण अमेरिका-१ वेगळी काढून पाहा, तिथे तो स्पष्ट दिसायला हवा. त्यानंतरच बीस्ट: रिलॅक्स्ड लॉगनॉर्मल क्लॉक, प्रत्येक पॅरामीटरचा ईएसएस (स्वतंत्र नमुन्यांची परिणामी संख्या) २०० च्या वर, आणि तारखा ढवळून केलेली चाचणी. ढवळलेल्या तारखांवरही तसाच वेग निघत असेल तर तुमच्या डेटात काळाची माहिती नाही. मग गप्प आयक्यू-ट्रीचा ट्री छापावा.

डासवही

चौथा मुद्दा. बँड एक आणि पीक दोन, तेही वेगवेगळ्या डासांत त्याच जागी: हे नमट आहे. मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे तुकडे केंद्रकातल्या गुणसूत्रांत जाऊन बसलेले. एडिस इजिप्तीत ते भरपूर आहेत. जीनोम सुमारे सव्वाशे कोटी बेसचा, त्यातला जवळपास ६५ टक्के ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारे डीएनएचे तुकडे) आणि पुनरावृत्तीचा, त्यात या तुकड्यांना जागेची कमतरता नाही. सीओआयसाठीची फोल्मर प्राइमरांची जोडी मायटोकाँड्रियाच्या खऱ्या प्रतीबरोबर तेही वाढवते. लांबी तीच, म्हणून जेलवर काही कळत नाही.

आधी हातातल्या सिक्वेन्सची झडती घ्या. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियल कोडने, म्हणजे तक्ता क्रमांक ५ ने, अनुवाद करा. मध्ये स्टॉप कोडॉन आला किंवा ६५८ च्या लांबीत एखाद्या अक्षराचा फरक पडला तर तो सिक्वेन्स बाद. पण जो तुकडा अलीकडेच केंद्रकात गेलाय त्यात स्टॉप नसतो, त्यामुळे चाचणी पास झाली म्हणजे सुटलो असं समजू नका. दुहेरी पीक असलेल्या जागी मोठं पीक धरून अक्षर ठरवण्याचा मोह टाळा. तसं केल्याने अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा असा अस्तित्वातच नसलेला हॅप्लोटाइप (सलग क्रम) तयार होतो.

उपाय दोन. लाँग-रेंज पीसीआरने मायटोकाँड्रियाचा काही हजार बेसचा तुकडा वाढवा आणि त्याच्या आत दुसऱ्या फेरीत सीओआय घ्या. इतके लांब नमट कमी असतात. किंवा कमी डेप्थचं होल जीनोम सिक्वेन्सिंग. तिथे मायटोकाँड्रियाच्या प्रती केंद्रकाच्या शेकडो पट असल्याने खरा क्रम आपोआप वर येतो.

नमुन्यांबद्दल, कारण इथेच बरेच प्रकल्प बिघडतात. एका टाकीतल्या किंवा एका टायरमधल्या अळ्या बहुधा सख्खी भावंडं असतात. एका भांड्यातून एकच डास मोजा आणि भांडी एकमेकांपासून काहीशे मीटर दूर निवडा. मादीच्या पोटात रक्त असेल तर उदर वगळा. पाय आणि वक्षाचा भाग पुरतो. साठवण ९५ टक्के इथेनॉलमध्ये, उणे २० ला. ७० टक्क्यांत ठेवलेले नमुने काही महिन्यांत डीएनएचा चुरा देतात.

जात ओळखायला पाठीवरची खूण पाहा. इजिप्तीच्या पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी रेघ, अल्बोपिक्टसच्या मधोमध एकच सरळ पट्टा, आणि पुढच्या भागात चंदेरी ठिपक्यांच्या तीन जोड्या असतील तर तो एडिस व्हिटॅटस. सह्याद्रीच्या कातळांवरच्या पाण्यात हा सर्रास सापडतो. घाटमाथ्याजवळून नमुने घेतले असतील तर पुन्हा तपासा. आफ्रिकेत पीतज्वराच्या वाहकांत याचंही नाव येतं, म्हणून त्याची नोंद फेकू नका, वेगळी ठेवा.

आता पाचवा मुद्दा, सीओआयपुरता. नाही दाखवता येणार. इजिप्तीचे मायटोकाँड्रियाचे दोन मोठे वंशगट आहेत आणि ते जगभर मिसळलेले आहेत. आफ्रिकेतल्या जंगलातला फॉर्मोसस (इजिप्तीचीच उपजात) आणि माणसाच्या घरात राहणारा इजिप्ती यांच्यातली भिंत केंद्रकाच्या जीनोममध्ये दिसते, सीओआयमध्ये नाही. माणसाच्या वासाची ओढ हेच घ्या. केनियातल्या राबई इथल्या डासांवरच्या कामात ती ओआर४ या गंधग्राही जनुकाशी आणि सल्काटोन या संयुगाशी जोडली गेली. हे सगळं गुणसूत्रांवरचं. भारतातले डास केंद्रकाच्या एसएनपींवरून (एकेका अक्षराच्या फरकांवरून) आफ्रिकेबाहेरच्या, घरगुती गटात बसतात.

सह्यरेणू

पाचव्यात थोडी भर. भारतात पीतज्वर का नाही याचं निव्वळ जनुकीय उत्तर मिळण्याची शक्यता मला फार कमी वाटते. आशियातले एडिस इजिप्ती प्रयोगशाळेत या विषाणूचा संसर्ग घेतात आणि पुढे देतातही. ठिकाणानुसार क्षमता कमी-जास्त भरते, पण शून्य नाही. डेंग्यू आणि इतर फ्लॅव्हिव्हायरसांमुळे लोकांत असलेली पीतज्वरालाही अंशतः लागू पडणारी (क्रॉस) प्रतिकारशक्ती, आणि पूर्वीच्या काळी साथीच्या भागातून थेट इकडे येणाऱ्या वाहतुकीचा अभाव, ही स्पष्टीकरणं मांडली जातात. यातलं एकही एकटं पुरत नाही.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, आणि भारतातल्या रहिवाशांच्या रक्तात पीतज्वरासकट अनेक विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारं सर्वेक्षण १९५४ साली प्रसिद्ध झालं.

विषाणू आशियात रुजलेला नव्हता याचा जैविक पुरावा त्याहून जुना आहे. १९२७-२८ साली पश्चिम आफ्रिकेत पीतज्वर प्रयोगशाळेत संक्रमित करायला जमलं ते भारतातून नेलेल्या ऱ्हीसस माकडांत. ती पटापट मेली, म्हणजे त्यांच्यासाठी विषाणू नवाच होता. आफ्रिकेतली बहुतेक माकडं या संसर्गाने मरत नाहीत, ब्राझीलमधली हाउलर माकडं मात्र झाडांखाली मरून पडतात, आणि तिथे साथीची पहिली सूचना तीच असते. तुमच्या ट्रीतलं दक्षिण अमेरिकेच्या फांदीचं वय आणि हाउलरांचा मृत्युदर एकाच परिच्छेदात लिहा. चर्चेच्या भागाला त्याने वजन येईल.

मृण्मयी_जैव

सगळ्यांचे आभार. विषाणूचा भाग आता स्पष्ट आहे. डासांसाठी एसएनपी चिप किंवा होल जीनोमचं बजेट नाही, पीसीआर आणि थोडं सँगर एवढंच. केंद्रकातलं एखादं जनुक घ्यायचं तर कुठलं? केडीआर (कीटकनाशकाला प्रतिकार देणारं जनुक) चालेल का?

डासवही

चालेल, पण त्याने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. व्होल्टेज-गेटेड सोडियम चॅनलचं हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि पायरेथ्रॉइड फवारणीच्या निवडीखाली आहे. त्यातली म्युटेशनं वंश सांगत नाहीत, औषधाचा दाब सांगतात. 'पीतज्वर आलाच तर फवारणी किती चालेल' असा प्रश्न ठेवलात तर ते विषाणूच्या भागाशी नीट जोडलं जातं. वंशच हवा असेल तर मायक्रोसॅटेलाइट, पण त्याला फ्रॅगमेंट ॲनालिसिसचा खर्च येतो.

केडीआर करायचं ठरलं तर एफ१५३४सी (१५३४व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी सिस्टीन) पासून सुरुवात करा. भारतात ते नोंदलेलं आहे, त्याच्या जोडीला टी१५२०आय सुद्धा. क्रमांक घरमाशीच्या प्रथिनाप्रमाणे असतात, इजिप्तीच्या स्वतःच्या प्रथिनात मोजायला गेलात तर जागा चुकेल. अलील-स्पेसिफिक पीसीआरमध्ये फेनिलॲलनिनचा बँड ९३ आणि सिस्टीनचा ११३ बेसचा येतो. फरक जेमतेम २० चा, म्हणून २ टक्के ॲगरोजवर तो फसवतो. ३ ते ४ टक्के घ्या किंवा पॉलिॲक्रिलमाइड. ॲनीलिंगचं तापमान एक-दोन अंशांनी जरी घसरलं तरी दुसरा प्राइमरही बसतो आणि सगळे डास हेटरोझायगस (दोन्ही प्रकारच्या प्रती असलेले) दिसायला लागतात. प्रत्येक रनमध्ये सँगरने पक्के केलेले दोन्ही होमोझायगोट, त्या दोघांचं समान मिश्रण आणि पाण्याचा ब्लँक ठेवा. १५२० आणि १५३४ एकाच एक्सॉनमध्ये आहेत, त्यामुळे दहातला एखादा नमुना त्याच तुकड्यावर सँगरला दिलात तर दोन्ही जागा एकदम वाचता येतात आणि पीसीआरची पडताळणीही होते.